रात्री दोन वाजता कूस कोणी बदलली?

प्रश्न : मी ५६ वर्षांची असून इंदूरला सुदामानगरात राहते. वडील गेल्यानंतर, दोन वर्षांपूर्वी, आई स्वतःच्या इच्छेने बायपासजवळच्या एका वृद्धनिवासात राहायला गेली. तेव्हा ती काठी घेऊन हिंडत-फिरत होती. चार महिन्यांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला, बोलणे अडखळते झाले. रुग्णालयातून सुटी मिळाल्यावर निवासाने दरमहा जादा रक्कम घेऊन तिला पुन्हा ठेवून घेतले. मी दर रविवारी तिच्या आवडीचे पोहे घेऊन जाते. हल्ली तिला खाताना ठसका लागतो, चहा पितानाही लागतो. तिथल्या बाई म्हणतात, ‘अम्मा रात को बहुत चिल्लाती हैं’, म्हणून आठवड्यापासून रात्री कसलीशी गोळी देतात. पुण्याचा भाऊ फोनवर विचारतो, ‘तिला घरी का आणत नाहीस?’ नात्यातल्या एकांनी तर आईला आश्रमात ठेवणे हा कायद्याने गुन्हा असल्याचे ऐकवले. माझी झोप उडाली आहे. गेल्या रविवारी कपडे बदलताना आईच्या माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसला. विचारल्यावर ‘गर्मी के दाने हैं’ म्हणून त्यांनी पावडर लावली. मी चुकले का? तिला घरी आणू का?

— एक लेक, इंदूर

उत्तर : तुमचे पत्र चार पानांचे आहे आणि त्या डागाचा उल्लेख तुम्ही शेवटच्या पानावर, जाता जाता केला आहे. मी मात्र उत्तराला तिथूनच सुरुवात करणार आहे, कारण तुमच्या मनाची टोचणी आणखी आठ दिवस थांबू शकते, तो डाग थांबणार नाही. त्यामुळे रविवारची वाट पाहू नका. हे उत्तर वाचाल त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, निवासात जा.

घामोळे पुटकुळ्यांच्या रूपात येते, खाजते, आणि पाठीवर, मानेवर, काखेत पसरलेले असते. लंगोट फार वेळ ओला राहिल्याने येणारी लाली मांसल भागावर आणि घडीत दिसते. नेमका हाडाच्या उंचवट्यावर, एकाच जागी, वाटोळा लाल डाग दिसला तर तो दाबाने आला आहे असे धरून चालावे. त्यावर बोट ठेवून तीन-चार सेकंद हलके दाबा आणि उचला. तिथली त्वचा क्षणभर फिकट पडून पुन्हा लाल झाली तर खालच्या बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त अजून फिरत आहे. लाली दाबूनही तशीच राहिली तर ती शय्याव्रणाची, म्हणजे आपण सगळे ज्याला बेडसोअर म्हणतो त्याची, पहिली पायरी समजावी. आईचा वर्ण सावळा असेल तर लाली नीट कळणार नाही. अशा वेळी हाताच्या पाठीने चाचपून पाहावे. आजूबाजूपेक्षा ती जागा ऊन लागते का, टणक किंवा उलट पिळपिळीत लागते का, आणि स्पर्श होताच आई तोंड वेडेवाकडे करते का, यावरून समजते. डाग कशामुळे आहे हे ठरवणे शेवटी डॉक्टरांचे किंवा प्रशिक्षित नर्सचे काम आहे, पण त्यांना बोलावून घेणे तुमच्या हातात आहे.

निरोगी माणूस गाढ झोपेतसुद्धा आपोआप कूस बदलत असतो. हाड आणि गादी यांच्यामध्ये चेपलेली त्वचा अवघडली की मेंदू आपल्याला न विचारताच शरीर हलवतो. अर्धांगात नेमकी हीच सोय जाते. उजव्या अंगाला पुरेशी जाणीव नाही, हलण्याचे बळ नाही, आणि वर रात्री झोपेची गोळी! चेपलेल्या जागेला तासन्‌तास रक्त मिळाले नाही की आतले मांस मरू लागते आणि वरची त्वचा सर्वांत शेवटी फाटते. म्हणून जखम दिसते त्या दिवशी ती पुष्कळदा आतून कितीतरी मोठी असते. तुमच्या आईची त्वचा अजून फाटलेली नाही, ही या पत्रातली एकमेव चांगली बातमी आहे. या टप्प्यावर दाब काढला तर डाग बहुधा काही दिवसांत मावळतो.

दाब काढणे म्हणजे पाठीवर निजवणे काही काळ जवळजवळ बंद करणे. एका कुशीवर पूर्ण आडवे केले तर खुब्याच्या हाडावर भार येतो, म्हणून पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंश कलते ठेवावे, गुडघ्यांच्या मध्ये पातळ उशी द्यावी, आणि पोटऱ्यांखाली उशी घालून दोन्ही टाचा गादीपासून अधांतरी ठेवाव्यात. दर दोन तासांनी बाजू बदलावी. लुळ्या उजव्या बाजूवर कमी वेळ ठेवावे आणि तिला वळवताना तो हात धरून कधीही ओढू नये, कारण अर्धांगात खांद्याचा सांधा सैल पडलेला असतो आणि एका हिसक्याने जन्माचे दुखणे लागते. खाली घसरलेल्या माणसाला एकट्या बाईने काखेत हात घालून वर खेचले की चामडी चादरीला चिकटून राहते आणि मांस पुढे सरकते. त्यात डाग पडलेल्या जागेचे हाल होतात. कमरेखाली आडवी चादर घालून दोघींनी दोन्हीकडून उचलावे, ही पद्धत तिथल्या बायकांना ठाऊक असेल, पण रात्री दोघी असतात का, हा खरा प्रश्न आहे. त्याकडे मी पुढे येते.

त्या जागेला चोळू नका आणि कोणाला चोळू देऊ नका. आमच्या नर्सिंगच्या शिक्षणाच्या काळी स्पिरिट आणि पावडर लावून पाठ मालिश करणे हा रोजचा पाठ होता, मीही शेकडो पाठी त्याच भक्तिभावाने चोळल्या आहेत, आणि दाबाने दुखावलेल्या जागेवर चोळल्याने नुकसानच होते हे नंतर शिकले. वाटोळी रबरी ट्यूब बसायला देणेही आता योग्य मानले जात नाही, कारण ती मधला भाग मोकळा ठेवते खरी, पण कडेने रक्त अडवते. हवेची गादी मिळाली तर अवश्य घ्या. मात्र ‘अब एअर मॅट्रेस लगा दिया है’ असे सांगून कूस बदलणे थांबवले जाते, तसे होऊ देऊ नका. गादी चालू आहे का हेही पाहा. मी गेले आहे तिथे एकदा पंप भिंतीवर टांगलेला होता आणि त्याची वायर मोबाइल चार्ज करण्यासाठी काढलेली होती.

आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण असणार असे मला वाटते. भेटीच्या दिवशी अम्माला सकाळीच नीट कपडे घालून, वेणी घालून खुर्चीत बसवले जाते आणि तुम्ही दुपारी परत जाईपर्यंत ती तशीच बसलेली असते. तुम्हाला बरे वाटावे म्हणूनच ते केलेले असते. पण बसलेल्या माणसाचा सगळा भार माकडहाडावर आणि बसण्याच्या हाडांवर येतो, तो निजलेल्यापेक्षाही जास्त. डाग आहे तोवर तिला जेवणापुरते बसवावे, चांगल्या जाड उशीवर बसवावे, आणि तुमची भेट पलंगाशेजारी व्हावी.

आता तिथल्या बायकांच्या नोंदवहीविषयी. बहुतेक ठिकाणी कूस बदलल्याची नोंद ठेवण्याचा तक्ता असतो, तो मागा. मागताना ‘तुम्ही करत नाही का?’ असे विचारू नका. ‘मला आईचा पोझिशन चार्ट दाखवता का, मी भावाला फोटो पाठवीन’ असे म्हणा. तक्ता दाखवला तर घाई न करता वाचा. दोन, चार, सहा, आठ असे काटेकोर आकडे एकाच शाईने, एकाच हाताने, एकाच तिरप्या वळणाने आठवडाभर उतरलेले असतील तर ते एका बैठकीत भरलेले आहेत. खरा तक्ता जरा विस्कटलेला असतो. त्यात दोन वाजून दहा मिनिटे असतात, दोन वेगवेगळ्या सह्या असतात, कुठेतरी ‘मरीज ने मना किया’ असते, आणि एखादा रकाना प्रामाणिकपणे रिकामा असतो. मला रिकामा रकाना कधी घाबरवत नाही. ज्या तक्त्यात एकही रकाना रिकामा नाही, त्याची मात्र मी नेहमी पहाटे जाऊन खात्री करून घेत असे.

त्याच वेळी तीन गोष्टी विचारा. रात्री आईच्या मजल्यावर किती माणसे असतात आणि किती पलंग असतात? त्यांच्यातली नोंदणीकृत नर्स कोण? आणि रुग्णालयातून परत आल्यावर आईचा ब्रेडन गुणांक कोणी काढला होता का? हा गुणांक म्हणजे जाणीव, ओलावा, हालचाल, स्वतःहून जागा बदलण्याची क्षमता, आहार आणि घर्षण अशा सहा बाबींवर काढलेली बेरीज. ती जास्तीत जास्त २३ येते, आणि १८ किंवा त्याहून कमी आली तर दाबाच्या जखमेचा धोका आहे असे समजून काळजी आखतात. कागद आणि पेन घेऊन पाच मिनिटांत होणारे हे काम आहे. नर्सविषयीचा प्रश्न थोडा नाजूक आहे, कारण पांढरा किंवा गुलाबी गणवेश घातलेल्या प्रत्येकीला आपण ‘सिस्टर’ म्हणतो. जीएनएमचे, म्हणजे नर्सिंग आणि सुईणकामाच्या पदविकेचे, शिक्षण तीन वर्षांचे, बीएससी नर्सिंगचे चार वर्षांचे असते आणि त्यानंतर राज्याच्या नर्सिंग परिषदेत नोंदणी होते. अटेंडंट किंवा आया यांना असे बंधन नसते. त्या मनापासून काम करतात, काही तर नर्सपेक्षा हळुवार हाताने करतात, परंतु लाल डाग आणि घामोळे यांतला फरक ओळखण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकणे हा त्यांच्यावरही अन्याय आहे. पावडर लावणाऱ्या बाईवर रागावू नका. तिला कोणी शिकवलेच नसेल.

मी हे थोड्या अधिकाराने लिहिते, कारण माझ्याही नजरेतून सुटलेले आहे. निवृत्तीनंतर मी एका निवासात काही वर्षे देखरेखीचे काम करत होते. डिसेंबरचा महिना होता, माळव्यातल्या त्या थंडीत एका आजोबांच्या पायात त्यांच्या मुलीने विणलेले लोकरी मोजे असत. रोज पाठ पाहिली जात होती, माकडहाड पाहिले जात होते, तक्ता खरा होता. मोजे मात्र प्रेमाने आणलेले म्हणून कोणी काढत नव्हते, मीही नाही. आठव्या की नवव्या दिवशी वास आला तेव्हा मोजा काढला, तर टाचेवर काळी पडलेली, दोन रुपयांच्या नाण्याएवढी जागा होती. ती भरायला उन्हाळा उजाडला. तेव्हापासून कुठेही गेले तरी मी आधी मोजे काढते. तुम्हीही काढा. टाचा, घोटे, खुबे, कोपरे, डोक्याची मागची बाजू, आणि लुळ्या बाजूचा कान, तिथेही पाहा.

ठसक्याविषयी आता. अर्धांगानंतर गिळण्याचे स्नायू शिथिल होतात, आणि घास किंवा घोट अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेकडे जाऊ लागतो. पाण्यासारखे पातळ पदार्थ सगळ्यात अवघड असतात, कारण ते गिळण्याची तयारी होण्याआधीच घशात उतरतात, म्हणून चहालाही ठसका लागतो. चहा प्यायल्यावर आईचा आवाज ओलसर, घरघरता होतो का, आणि वारंवार थोडा ताप येतो का, हे नीट पाहा. यांपैकी एकही गोष्ट असेल तर छातीत संसर्ग होण्याची भीती आहे आणि डॉक्टरांना दाखवायला थांबून चालणार नाही. गिळण्याची तपासणी स्पीच थेरपिस्ट करतात, शहरातल्या मोठ्या रुग्णालयांतून ते असतात, आणि ती तपासणी होईपर्यंत काही गोष्टी पाळाव्यात. खाताना पूर्ण ताठ बसवावे, हनुवटी किंचित खाली असावी, छोटा चमचा डाव्या, म्हणजे जिवंत बाजूने द्यावा, पहिला घास गिळल्याची खात्री झाल्याशिवाय दुसरा देऊ नये, आणि जेवणानंतर निदान अर्धा तास आडवे करू नये. मग मात्र पलंगाची डोक्याकडची बाजू पुन्हा ३० अंशांवर आणावी, नाहीतर ती घसरत राहील आणि माकडहाडावरचा डाग वाढेल. गिळण्यासाठी ताठ आणि त्वचेसाठी उतरते, ही कसरत प्रत्येक जेवणाला करावी लागते. घाईत असलेल्या माणसाकडून ती होत नाही.

तुमचे पोहे बंद करावे लागतील, हे सांगताना मला वाईट वाटते. आपले इंदुरी पोहे, वर शेव, जिरावण मसाला आणि डाळिंबाचे दाणे, हे गिळायला अडचण असलेल्या माणसासाठी जवळजवळ सर्वांत वाईट खाणे आहे. सुटे दाणे तोंडभर पसरतात, लुळ्या गालात साठतात, आणि शेवेचा भुगा नेमका नको तिथे जातो. आईला चव हवी आहे, दाणा नको. साखरेचा आजार नसेल तर बदाम-पिस्ता न घातलेले, गुळगुळीत घोटलेले श्रीखंड न्या. ते चमच्यावर आकार धरून राहते आणि एका गोळ्यात उतरते. मऊसूत वरणभात चालेल, गुठळी नसलेली घट्ट खीर चालेल. पातळ रस्सा आणि त्यात तरंगणारे तुकडे असे दोन पोत एकत्र नकोत. जेवण झाल्यावर उजव्या गालात बोट फिरवून उरलेला घास काढायला तिथल्या बाईंना दाखवून ठेवा, आणि तिची कवळी रात्री काढतात का, तेही विचारा. गोळ्या कुटून देत असतील तर कोणत्या कुटल्या चालतात हे डॉक्टरांकडून लिहून घ्या, कारण काही गोळ्या कुटल्या की त्यांचा परिणाम एकदम होतो. वजन महिन्याला मोजावे आणि वहीत लिहावे. एका महिन्यात ५ टक्क्यांनी घटले, म्हणजे ५० किलोंचे साडेसत्तेचाळीस झाले, तर ती तब्येतीची गंभीर खूण आहे, ‘उमर है’ असे म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही.

‘रात को चिल्लाती हैं’ या वाक्याने मला सगळ्यात जास्त थांबवले. तुमची आई मराठी घरातली आहे, आयुष्यभर हिंदीही बोलली असेल, पण मेंदूला इजा झाल्यावर मागाहून शिकलेली भाषा कधी कधी आधी मागे पडते. आता रात्रपाळीच्या बाई झाबुआकडच्या किंवा खरगोनकडच्या असतील, त्यांना मराठी येत नाही. आई ‘मला लागली आहे’ म्हणते, म्हणजे लघवीला लागली आहे, आणि ऐकणारीला वाटते ‘चोट लगी है’ किंवा ‘भूख लगी है’. ती जखम शोधते, बिस्किट देते आणि जाते. आई ‘कळ येते’ म्हणते आणि ऐकणारी ‘कल आएँगे’ असे समजून ‘हाँ अम्मा, कल आएँगी बेटी’ म्हणून तिची समजूत घालते. त्या रात्री आई पोटातल्या कळेने ओरडत असते आणि तिला उद्या मुलगी येणार असल्याचा दिलासा मिळत असतो. हे मी रचलेले नाही. पलंगाशेजारी उभी राहून मी ऐकले आहे, मला हसू आले आणि दुसऱ्या क्षणी लाज वाटली. तेव्हा एका पुठ्ठ्यावर आईचे पंधरा-वीस शब्द मोठ्या अक्षरांत लिहा : लागली, कळ, मळमळ, घेरी, ठणकते, जळजळ, गार वाटते, शी. प्रत्येकाच्या पुढे हिंदी अर्थ आणि त्यावर काय करायचे ते लिहा. तो पुठ्ठा उशाशी टांगा, कपाटात ठेवू नका. बोलणे फारच अडखळत असेल तर बोट दाखवता येईल अशी चार चित्रे जोडा. हात डावा चालतो आहे ना.

गोळीविषयी मात्र पुठ्ठ्याने भागणार नाही. ती कोणती, कोणत्या डॉक्टरांनी, किती दिवसांसाठी लिहून दिली, हे कागदावर पाहा. लिहून दिलेली नसेल तर ते त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घाला. एकाएकी स्वतः बंद करू नका, त्यांना ठरवू द्या. गुंगीत माणूस हलत नाही, घास गिळताना सावध नसतो आणि उठू पाहिले तर पडतो, म्हणजे तुमच्या आईच्या तिन्ही दुखण्यांना ती गोळी खतपाणी घालते. ओरडण्याचे कारण आधी शोधायला हवे. चार-सहा दिवसांत एकदम भ्रम, आरडाओरड किंवा उलट सुस्ती आली तर लघवीचा संसर्ग, शौचाला न होणे, पाणी कमी पडणे, वेदना यांपैकी काहीतरी बहुधा सापडते. म्हातारपणी तहान कमी लागते, आणि ठसका लागतो म्हणून पाणी देणे टाळलेही जाते. लघवी गडद पिवळी दिसली की समजावे. हात बांधून ठेवलेला कधी दिसला, रात्रीपुरता का असेना, तर तिथे वाद न घालता फोटो घ्या आणि त्याच दिवशी व्यवस्थापकांकडे लेखी खुलासा मागा.

तुम्ही चुकलात का? दोन वर्षांपूर्वी आई ज्या घरात राहायला गेली ते हिंडत्या-फिरत्या माणसाचे घर होते, आणि तेव्हाच्या तुमच्या आईसाठी ते योग्य होते. चार महिन्यांपूर्वी आई बदलली. पैशाचा आकडा बदलला, काळजीचा आराखडा मात्र तोच राहिला. आपल्याकडची पुष्कळशी वृद्धनिवासे स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्यांसाठी उभी राहिली आहेत आणि प्रवेशाच्या अर्जात तशी अटही असते. अर्धांगानंतर त्यांनी आईला ठेवून घेतले ते कदाचित भिडेखातर असेल, कदाचित रकमेसाठी. कारण काहीही असो, जादा रकमेत काय काय येते हे तुम्ही लेखी घेतलेले दिसत नाही, आणि चूक म्हणावी तर एवढीच. आता व्यवस्थापकांना भेटून दोन तासांनी कूस, रात्री मजल्यावर किमान दोन माणसे, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी नर्सकडून त्वचेची पाहणी, महिन्याला वजन, आणि कोणत्या गोष्टीसाठी तुम्हाला रात्री फोन करायचा, एवढे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या करून घ्या. ते शक्य नसल्याचे त्यांनी मोकळेपणाने सांगितले तर आभार माना आणि अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा करणारी दुसरी जागा शोधा.

गुन्ह्याची धमकी देणाऱ्या नातेवाइकांसाठी एक वाक्य पुरे. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा २००७ चा कायदा ज्येष्ठाला पूर्णपणे टाकून देण्याच्या हेतूने कुठेतरी सोडून जाणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगतो, दर रविवारी डबा घेऊन जाणाऱ्या आणि दरमहा खर्च भरणाऱ्या मुलीला नाही. उलट निवासाने दाद दिली नाही तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या निःशुल्क क्रमांकावर सकाळी ८ ते रात्री ८ या वेळात तुम्ही मार्गदर्शन मागू शकता, आणि जिल्ह्याच्या सामाजिक न्याय विभागाकडे लेखी तक्रारही देऊ शकता. वयाची सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारतचे कार्ड मिळते, ते आईचे काढून ठेवले नसेल तर काढा. त्यात कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार येतात. निवासाचा महिन्याचा खर्च त्यात येत नाही, अशी आशा कोणी दाखवली तर भुलू नका.

घरी आणण्याचा प्रश्न भावनेने सोडवू नका, हिशेबाने सोडवा. दर दोन तासांनी कूस म्हणजे दिवसरात्रीत बारा वेळा, प्रत्येक वेळी दोन माणसे. तुम्ही ५६ वर्षांच्या आहात. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांसाठी बाया मिळाल्या, त्यातली एक आजारी पडली तर तिच्या जागी कोण हे ठरले, पलंगाची डोक्याची बाजू वर-खाली होते, आणि घरी येणारे डॉक्टर आहेत, एवढे जमत असेल तर आणा, ते चांगलेच होईल. एवढे जमत नसताना केवळ भावाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून आणाल तर तोच डाग सुदामानगरात वाढेल आणि तुमची पाठ जाईल ती वेगळी. भावाला मात्र आता ‘का’ विचारण्याऐवजी काम द्या. रात्रीच्या दुसऱ्या बाईचा खर्च त्यांनी उचलावा आणि दर महिन्याच्या पाच तारखेला निवासाला फोन करून वजनाचा आकडा त्यांनीच विचारावा. पुण्यातून एवढे होते.

आज डागाचा फोटो घ्या, शेजारी नाणे ठेवून, तारखेसह. तीन दिवसांनी पुन्हा घ्या, त्याच अंतरावरून. त्वचा फाटली, फोड आला, जागा काळी किंवा जांभळी पडली, वास आला किंवा ताप चढला तर निवासाच्या डॉक्टरांची वाट न पाहता तिला त्याच दिवशी रुग्णालयात न्या. डाग फिकट होत असेल तर तक्ता सुरू ठेवायला सांगा आणि एखाद्या रात्री साडेदहाला, आधी न कळवता, जाऊन या. बाई जाग्या असतील तर त्यांना चहा विचारा, आणि आईचा डावा हात हातात घेऊन थोडा वेळ मराठीत बोला.